नोटरीपुढे ओळख पटविताना कोणते पुरावे लागतात?

मे महिना सरत आला की धर्मग्राम कचेरीच्या दाराशी एक ठरावीक प्रश्न येऊन उभा राहतो. कुणाला मुलाच्या प्रवेशासाठी प्रतिज्ञापत्र करावयाचे असते, कुणाचा मुलगा आखाती देशातून सुट्टीवर आलेला असतो आणि परत जाण्यापूर्वी आईच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवू इच्छितो, तर कुणाच्या नावातील एका अक्षराने निवृत्तिवेतन अडून बसलेले असते. "फादर, नोटरी करायला कोणता पुरावा लागतो? बाप्तिस्म्याचा दाखला चालेल का?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चालत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यावयास हवे, कारण त्याविषयी आपल्या लोकांमध्ये बरेच गैरसमज आहेत आणि त्या गैरसमजांची किंमत कधी कधी वाडी-जमिनीच्या रूपाने मोजावी लागते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात नोटरीचे काम नोटरी अधिनियम, १९५२ आणि नोटरी नियम, १९५६ यांच्या आधारे चालते. नोटरीची नेमणूक केंद्र सरकार अथवा राज्य सरकार करते. त्याला ठरावीक क्षेत्र नेमून दिलेले असते आणि व्यवसायाचे प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी मिळून पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते. अधिनियमाच्या कलम ८ मध्ये त्याची कामे सांगितली आहेत. दस्तऐवजावर सही झाल्याचे प्रमाणित करणे, शपथ देणे, प्रतिज्ञापत्र घेणे, भाषांतर करणे व ते पडताळणे ही त्यांतील सर्वसामान्य माणसाच्या नेहमी उपयोगी पडणारी कामे होत.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण या अधिनियमात वा नियमांत ओळखीच्या पुराव्यांची यादी कोठेही दिलेली नाही. अमुक ओळखपत्र घ्यावे, तमुक घेऊ नये, असे कायदा सांगत नाही. समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे याविषयी स्वतःचे समाधान करून घेणे ही नोटरीची जबाबदारी आहे, आणि ते समाधान कसे करून घ्यावे हे बरेचसे त्याच्या विवेकावर सोडलेले आहे. म्हणूनच एका नोटरीने मान्य केलेला कागद दुसरा परत करतो. याबद्दल लोक चिडतात. परंतु जो नोटरी चार प्रश्न विचारतो तोच आपले काम नीट करीत असतो, असे माझे मत आहे.

इतर देशांत परिस्थिती वेगळी आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कोणती ओळखपत्रे घ्यावीत हे कायद्यानेच ठरविले असून ओळखपत्राची मुदत चालू असावी किंवा ते मागील पाच वर्षांत दिलेले असावे, अशी तेथे अट आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांना म्हणून भारतातील पद्धत सैल वाटते, आणि आपल्याला तिकडची जाचक वाटते.

काम कोणते, त्यावर पुरावा अवलंबून

नोटरीकडे गेल्यावर सर्वच कामांना 'नोटरी करणे' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती निरनिराळी कामे आहेत. झेरॉक्स प्रत मूळ कागदाशी ताडून 'सत्यप्रत' असा शेरा मारून घ्यावयाचा असेल तर तेथे महत्त्व मूळ कागदाला आहे. मूळ कागद नसेल तर तुमच्याजवळ दहा ओळखपत्रे असूनही उपयोग नाही. प्रतिज्ञापत्र असेल तर शपथ घेणारी व्यक्ती स्वतः समोर हवी, कारण शपथ दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही. ज्यांना शपथ घेण्यास हरकत असेल त्यांना शपथ अधिनियम, १९६९ नुसार त्याऐवजी दृढकथन करता येते. मुखत्यारपत्र वा करारनामा असेल तर सही करणाऱ्याने ती नोटरीसमक्षच केली पाहिजे. घरून सही करून आणलेला कागद तसाच शिक्क्यासाठी पुढे करणे ही आपल्याकडील सार्वत्रिक खोड आहे.

मुखत्यारपत्राच्या बाबतीत तर ही खोड धोक्याचीच ठरते. नोटरीसमक्ष निष्पादित आणि त्याने अधिप्रमाणित केलेले मुखत्यारपत्र खरे आहे असे न्यायालय गृहीत धरते. पूर्वी ही तरतूद भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ८५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये ती कलम ८४ मध्ये आहे. म्हणजे शिक्का बसला की तो कागद खोटा आहे हे सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर येऊन पडतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एका वृद्ध विधवेची हकिकत सांगतो. वीजमंडळाच्या कचेरीत आपल्या वतीने जाता यावे म्हणून पुतण्याने तिच्याकडून दोन कागदांवर सह्या घेतल्या आणि मतदार ओळखपत्राची झेरॉक्स नेली. मावशी उंबरठ्याबाहेर पडल्या नाहीत. पुढे सहा-सात महिन्यांनी वाडीच्या सौद्याची कुणकुण लागली, तेव्हा त्या दोन कागदांतील एक कुलमुखत्यारपत्र होते हे उघड झाले. त्यावर नोटरीचा गोल शिक्का होता, तिकीट होते, नोंदवहीचा अनुक्रमांकही होता. वकिलांनी नोंदवही पाहण्याचा आग्रह धरला तेव्हा तिच्यातील सही मावशींची नव्हती, एवढ्यावरून पुढचे अरिष्ट टळले. तरीही मुखत्यारपत्र रद्द करणे, वृत्तपत्रात जाहीर सूचना देणे आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खेटे घालणे यांत त्या बाईंचे एक वर्ष गेले. नोटरीने एकदा जरी "ही बाई कोठे आहे?" असे विचारले असते तर हे घडले नसते.

कोणते कागद न्यावेत?

व्यवहारात चालणारे पुरावे म्हणजे आधार कार्ड, पारपत्र म्हणजेच पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन चालविण्याचा परवाना आणि पॅन कार्ड. यांपैकी एक मूळ स्वरूपात आणि त्याची स्वाक्षरी केलेली झेरॉक्स प्रत घेऊन जावे. शक्य असल्यास दोन न्यावीत, एक छायाचित्र व सही असलेले आणि एक पत्ता असलेले. कारण पॅन कार्डावर पत्ता नसतो आणि आधार कार्डावर सही नसते. पासपोर्टमध्ये छायाचित्र, सही आणि पत्ता ही तिन्ही असतात, म्हणून तो सर्वांत सोयीचा. मात्र त्याची मुदत संपलेली असेल तर बहुतेक नोटरी तो नाकारतात. मुखत्यारपत्रासाठी करून देणारा आणि घेणारा अशा दोघांचीही छायाचित्रे लागतात, तेव्हा पारपत्राच्या आकाराची दोन-दोन छायाचित्रे बरोबर असावीत.

शिधापत्रिका पूर्वी सर्रास चालत असे. तिच्यावर कुटुंबातील प्रत्येकाचे छायाचित्र नसते, त्यामुळे ओळख पटविण्यास ती कमी पडते. वीजदेयक, घरपट्टीची पावती, बँकेचे पासबुक हे पत्त्याला पूरक म्हणून जोडता येतात, ओळखीसाठी एकटे पुरत नाहीत.

आधार कार्डाविषयी दोन शब्द अधिक. ते ओळखीचा पुरावा आहे. नागरिकत्वाचा नव्हे, आणि जन्मतारखेचाही निर्णायक पुरावा नव्हे. वयासंबंधी प्रतिज्ञापत्र करणाऱ्यांनी म्हणून जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवावा. नोटरीकडे बोटांचे ठसे तपासण्याची यंत्रणा नसते. तो कार्ड डोळ्यांनी पाहतो, फार तर कार्डावरील क्यूआर कोड भ्रमणध्वनीवर वाचून घेतो. जेथे पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तेथे शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. झेरॉक्स प्रत कुणालाही देताना तिच्यावर आडवे लिहावे : 'केवळ अमुक प्रतिज्ञापत्रासाठी', खाली तारीख आणि सही. वर सांगितलेल्या मावशींच्या प्रतीवर एवढी एक ओळ असती तर ती प्रत दुसऱ्या कागदाला जोडणे पुतण्याला अवघड गेले असते.

ओळखपत्रच नसेल अथवा ते फार जुने झाले असेल तर ओळख देणारा माणूस लागतो. नोटरी ज्याला ओळखतो असा वकील 'मी या व्यक्तीस ओळखतो' असे लिहून सही करतो. ही पद्धत जुनी आहे आणि वाईट नाही, परंतु ओळख देणाऱ्याला तुम्ही खरोखर माहीत असला पाहिजेत. कचेरीच्या आवारात दहा मिनिटांपूर्वी भेटलेल्या गृहस्थाने दिलेली ओळख ही ओळख नव्हे. काही वेळा धर्मगुरूंच्या पत्राची मागणी होते. असे पत्र आम्ही देतो. ते नोटरीच्या समाधानास साहाय्यभूत ठरू शकते, पण शासकीय ओळखपत्राची जागा घेऊ शकत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्याचेही तेच. त्याच्यावर छायाचित्र नाही, आणि तो समोरच्या माणसाशी जुळवून पाहण्याचा मार्ग नाही. तो जन्म, आई-वडील, विवाह यांविषयीचा धर्मग्रामाच्या नोंदवहीतील उतारा आहे. त्याचे मोल त्याच्या ठिकाणी आहे.

नावांचा घोळ

आमच्या समाजात सर्वाधिक अडचण होते ती येथे. एकाच घरात डिसोजा हे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले मी पाहिले आहे, कधी इंग्रजी अपॉस्ट्रॉफीसह, कधी सलग, कधी मध्ये जागा सोडून. लोपीस, गोन्सालविस, फर्नांडिस यांचीही तीच कथा, शेवटचे अक्षर 'एस' की 'झेड' यावर कामे अडतात. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पोर्तुगीज वळणाचे नाव, शाळेत मराठी नाव, मतदारयादीत घरगुती नाव! लग्नानंतर स्त्रियांच्या वाट्याला आणखी एक नाव येते. धर्मभगिनींचे तर काय सांगावे : व्रतबद्ध होताना घेतलेले नाव आधार कार्डावर आणि जन्मनाव शाळेच्या दाखल्यावर. आम्हा धर्मगुरूंच्या काही ओळखपत्रांवर 'फादर' हा शब्द नावाचाच भाग होऊन बसला आहे, आणि मग बँकेचा संगणक आम्हाला ओळखत नाही.

नोटरीकडे नेण्याच्या दस्तऐवजातील नाव ओळखपत्रातील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. जुळत नसेल तर दस्तऐवजातच '... ऊर्फ ...' असे दोन्ही लिहावे आणि दोन्ही नावांचा एकेक पुरावा जोडावा. किरकोळ फरकासाठी 'ही दोन्ही नावे माझीच' अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र पुष्कळ ठिकाणी पुरते. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे शेवटी आपलेच शपथेवरील कथन. त्यातील मजकूर खरा आहे अशी हमी नोटरी देत नाही. अमक्या माणसाने अमक्या दिवशी माझ्यासमोर शपथेवर असे सांगितले, एवढेच तो प्रमाणित करतो. म्हणून नाव खरोखर बदललेले असेल तेव्हा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेणे हाच टिकाऊ मार्ग होय. आणि शपथेवर जाणूनबुजून खोटे सांगणे हा गुन्हा आहे हे वेगळे सांगावयास नको. दुसऱ्याच्या नावाने उभे राहून फसवणूक करणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

सही न येणारे आणि अंथरुणास खिळलेले

सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. मात्र मजकूर त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत वाचून दाखविला व समजावून सांगितला, असा शेरा असला पाहिजे आणि ठसा कोणाचा हे शेजारी लिहिलेले असले पाहिजे. कागद इंग्रजीत आणि आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी, असा प्रसंग आपल्याकडे वारंवार येतो. तेव्हा घरच्या माणसांखेरीज निदान एक त्रयस्थ साक्षीदार असू द्यावा. पक्षाघातासारख्या आजाराने सही पूर्वीसारखी येत नसेल तर जुन्या सहीचा हट्ट धरू नये. ठसा द्यावा. रुग्णाईत व्यक्तीच्या घरी नोटरी येऊ शकतो. त्याची वेगळी फी पडते, ती आधी विचारून घ्यावी. फीचे दर नियमांत ठरविलेले असून त्यांचा फलक नोटरीने आपल्या कचेरीत लावावयाचा असतो.

शिक्का खरा आहे का?

ओळख आपणच पटवावयाची असे नाही, नोटरीचीही ओळख आपण करून घ्यावी. नियमानुसार नोटरीची मुद्रा गोल, ५ सेंटिमीटर व्यासाची असते. तिच्यात त्याचे नाव, नोंदणी क्रमांक, कार्यक्षेत्र आणि त्याला नेमणाऱ्या सरकारचे नाव असते. प्रत्येक कामाची नोंद त्याने वहीत करावयाची असते. त्या नोंदीत दस्तऐवजाचे स्वरूप, संबंधित व्यक्तीचे नाव व पत्ता, घेतलेली फी आणि त्या व्यक्तीची सही येते. वहीत सही करावयास सांगितले नाही तर आपण होऊन विचारावे, पावती मागावी आणि नोंदीचा अनुक्रमांक दस्तऐवजावर लिहून घ्यावा. झाडाखाली टेबल टाकून बसणारे सर्वच लबाड असतात असे नव्हे, पण वही कोठे आहे हा प्रश्न त्यांनाही विचारता येतो.

नोटरी लागतच नाही, अथवा पुरत नाही

शासकीय कामांसाठी लागणारी कित्येक प्रतिज्ञापत्रे आता अनावश्यक झाली आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ९ मार्च २०१५ च्या निर्णयानुसार बऱ्याच दाखल्यांसाठी स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतात. तेव्हा धावपळ करण्यापूर्वी त्या कचेरीत चौकशी करावी. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान मुद्रांक १०० वा २०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा झाला असल्यामुळे ही चौकशी खिशालाही हितकारक आहे.

उलट, काही ठिकाणी नोटरीचा शिक्का कितीही ठसठशीत असला तरी अपुरा पडतो. जमीन किंवा घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. भाड्याने जागा देण्याचा लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीस सादर करावयाचा असेल आणि मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती भारतात राहत असेल, तर ते मुखत्यारपत्र नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे निबंधक वा दुय्यम निबंधक यांच्यासमोर करावे लागते. मृत्युपत्राला नोटरीची गरज नाही. गरज आहे ती दोन साक्षीदारांची, आणि त्यांत ज्याला मृत्युपत्राने काही मिळावयाचे आहे तो वा त्याची पत्नी नसावी, कारण भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६७ मुळे त्याला दिलेले दान व्यर्थ ठरते. हा नियम ख्रिस्ती लोकांना लागू आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. राहिला विवाह. नोटरी हा विवाह अधिकारी नव्हे, त्याने विवाहाचे वा घटस्फोटाचे लेख करून देऊ नयेत, असे केंद्रीय विधी मंत्रालयाने २०२४ साली पुन्हा बजावले आहे. लग्न ठरविताना पुढे केला जाणारा 'नोटरी केलेला घटस्फोट' आम्ही स्वीकारीत नाही, त्याचे कारण केवळ धार्मिक नाही.

जाता जाता : ख्रिस्तसभेच्या कायद्यातही नोटरी आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार बिशपांच्या कचेरीतील चॅन्सेलर हा पदसिद्ध नोटरी असतो आणि धर्मगुरूच्या लौकिकाचा प्रश्न असलेल्या प्रकरणात नोटरी धर्मगुरूच असावा लागतो. त्याच्या सहीने धर्मसभेच्या कागदांना अधिकृतता येते. तहसील कचेरीत त्या सहीचा उपयोग नाही. गोव्यात पुन्हा निराळे. तेथे पोर्तुगीज अमदानीच्या परंपरेतून आलेले विशेष नोटरी वारसाहक्काचे लेख करतात व त्यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. गोव्यातील वडिलोपार्जित मिळकतीसाठी वसई-मुंबईच्या नोटरीचे प्रतिज्ञापत्र घेऊन जाणाऱ्यांना म्हणून हात हलवीत परत यावे लागते.

परदेशस्थांसाठी

परदेशात असणाऱ्यांनी मूळ पासपोर्ट घेऊन भारतीय वकिलातीत स्वतः जावे. तेथील अधिकाऱ्याला १९४८ च्या कायद्याने नोटरीचे अधिकार आहेत. दुसरा मार्ग म्हणजे तेथील नोटरीपुढे सही करून त्यावर अपॉस्टिल घेणे. १९६१ च्या हेग कराराचा अंमल भारतात १४ जुलै २००५ पासून सुरू झाला. कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ पासून आहे, त्यामुळे टोरांटोच्या आपल्या मंडळींची सोय झाली. संयुक्त अरब अमिरात या करारात नाही, म्हणून दुबई-अबुधाबीवाल्यांनी वकिलातीचाच मार्ग धरावा. कागद कोणत्याही मार्गाने आलेला असो, तो भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. लिफाफा ज्या दिवशी हाती पडला ती तारीख दाखविता यावी म्हणून कुरिअरची पावती कागदाबरोबरच जपून ठेवावी.